टेस्टिंग झाल्याबिगर गेट उघडत नसते

आमच्या नगरपालिकेच्या बागेचं फाटक उघडायच्या आधी रोज सकाळी एक पन्नाशीचा, पोट सुटलेला, मिशीवाला माणूस खाकी कपड्यांत घसरगुंडीची शिडी चढायचा. वर बसून शिट्टी फुंकायचा आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने घसरत खाली यायचा. मग बूड झटकून झोक्यावर, तिथून गोल फिरणाऱ्या चक्रावर. बाहेर पोरं फाटकाला लोंबकळून ओरडत असायची, "काका, उघडा की!" आत काका गरगर फिरत असायचे. "टेस्टिंग झाल्याबिगर गेट उघडत नसते!" हे उत्तर फिरता फिरताच यायचं. त्यामुळे पोरांना त्यातलं निम्मंच ऐकू जायचं.

हे शेषराव राठोड, आमचे उद्यान पर्यवेक्षक. पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे. मी त्याच नगरपालिकेत बाबू होतो. बागेचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून पुढे जायचा, म्हणजे बहुतेक वेळा टेबलावरच राहायचा.

परभणीतून निघून आमचा हिंगोली जिल्हा नवा नवा झाला, तेव्हा सगळ्या कचेऱ्यांना ट्रेनिंगचा झटका आला होता. बागेतल्या कर्मचाऱ्यांसाठी पुण्याला आठवडाभराचं प्रशिक्षण आहे, एक माणूस पाठवा, असं आम्हालाही वरून कळवण्यात आलं. जायला कोणीच तयार नव्हतं. शेषराव नेमके त्या दिवशी रजेवर होते, म्हणून त्यांचं नाव एकमताने ठरलं.

गेले तेव्हा साधेसुधे गृहस्थ होते. परत आले ते "ट्रेनिंगमदी सांगितलंय" हे एक वाक्य घेऊन. त्यानंतर त्यांनी कोणाला सुखाने जगू दिलं नाही.

दर सोमवारी लिंबाखाली त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थी दोनच. झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई आणि फाटकावरचे गफूरचाचा. मी देखरेखीला, म्हणजे चहाला. पुण्याला त्यांना गवत कापायचं यंत्र चालवायला शिकवलं होतं. आमच्या बागेत यंत्र नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गवतही नव्हतं. पण शेषरावांनी हार मानली नाही. शेवंताबाईंच्या हातात कचऱ्याची ढकलगाडी देऊन त्यांनी पूर्ण बागेला चकरा मारायला लावल्या. "वळताना येग कमी करा!" असं हे मागून ओरडत होते. शेवंताबाई म्हणाल्या, "साहेब, आमी काय कापून राहिलो?" शेषराव म्हणाले, "हवा समजा."

मग बागेत येणाऱ्यांचं हसून स्वागत करायचा धडा आला. गफूरचाचांच्या चेहऱ्याला हसायची सवय नव्हती. सरावासाठी ते एका बाईच्या कडेवरच्या लेकराकडे पाहून हसले, तर लेकराने टाहो फोडला. चाचा वैतागून म्हणाले, "राठोडसाब, मैं हस्या तो लोगां पूछते, चाचा, तबियत बराबर है क्या?"

सगळ्यात अवघड धडा, पडलेलं पोर कसं उचलायचं. त्यासाठी कोणीतरी पडायला पाहिजे.

"शेवंताबाई, पडा."

"मी काहून पडू? माझ्या गुडघ्याला तकलीफ हाय. तुमीच पडा."

शेषराव पडले. मातीत पडल्या पडल्याच त्यांनी शिकवलं. "वरडायचं न्हाई. काहून चढला व्हतास, आसं इचारायचं न्हाई. आदी बाजूला बसायचं. मंग नाव इचारायचं." शेवंताबाई शेजारी बसल्या आणि लाडाने म्हणाल्या, "नाव काय बाळा तुझं?" शेषरावांनी आडव्यानेच सांगितलं, "शेषराव गोविंदा राठोड." मला चहाचा ठसका लागला.

बागेबाहेरही सुटका नव्हती. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर करायला स्टेजवर ही झुंबड. अचानक कर्कश शिट्टी. "एक उतरल्याबिगर दुसरा चढनार न्हाई! लायनीत या! माघून धक्का देऊ नका!" नवरदेवाला वाटलं पोलीस आले, तो बिचारा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. आमच्या घराण्यातलं तेवढं एकच लग्न शिस्तीत लागलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

असा सगळा मजेचा मामला होता. मग एका वर्षी बागेतल्या लोखंडी झोक्यावर दोन धिप्पाड कार्यकर्ते उभे राहिले आणि साखळी तुटली. मुख्याधिकाऱ्यांनी झोका दुरुस्त करून दिला, पण दम भरला, "पुन्हा काही मोडलं तर झोके काढून टाकायचे. तिथं गाळे बांधू. चार दुकानं होतील." शेषरावांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी झोक्यापाशी बोर्ड लावला, "मोठ्या माणसांना सक्त मनाई." डबासुद्धा ते झोक्यासमोर बसून खाऊ लागले.

आणि श्रावणात नागपंचमी आली.

आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधून खेळतात. रस्त्याकडेच्या ज्या मोठ्या लिंबाला गावातल्या बाया झोका बांधायच्या, तो त्या वर्षी रस्ता रुंद करताना गेला होता. झाड गेलं म्हणून पंचमी थोडीच जाते? नव्या साड्या नेसून, हातांवर मेंदी काढून तीस-चाळीस बाया थेट बागेत आल्या. गफूरचाचांनी शिकवल्याप्रमाणे हसून फाटक उघडलं.

शेषराव झोक्यासमोर हात पसरून उभे. शिट्टी वाजवून वाजवून लाल झालेले. "माय हो, पाया पडतो. ह्यो लेकरांचा हाय. मोडला तर समदंच जाईन."

"वर्साचा एक सण, अन् तू आडवा येतूस व्हय रे?" एका म्हातारीने त्यांना फैलावर घेतलं. "मी सिद्धेश्वरहून येष्टीनं आले. नेमी आमी दोघी भैनी खेळत व्हतो. औंदा ती न्हाई. मला एकटीला तरी खेळू दे."

शेषरावांनी एकदा झोक्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग बागेतल्या अवजारांच्या खोलीत गेले आणि जाड दोर घेऊन आले. बागेच्या मागच्या अंगाला खताच्या खड्ड्यापाशी एक जुनी चिंच होती. तिच्या फांदीला त्यांनी स्वतः चढून दोर बांधला, बसायला फळी अडकवली. मी म्हणालो, "शेषराव, मनाई आहे ना?" ते वरूनच म्हणाले, "बोर्ड लोखंडी झोक्याला हाय, बाबूसाहेब. चिंचेला कुठं हाय?"

आता टेस्टिंग. शेषराव फळीवर बसले. पण घाईत दोर आखूड बांधला गेला होता. पाय जमिनीला टेकेनात, आणि टेकल्याशिवाय झोका हलेना. खाकीतला साहेब मधोमध लोंबकळतोय म्हटल्यावर बायांची हसून हसून मुरकुंडी वळली. शेवटी शेवंताबाई मागे गेल्या. "थांबा साहेब, मी देते झोका." त्यांनी पाठीवर हात ठेवून झोका दिला, मग दुसरा, मग तिसरा.

शेषरावांनी डोळे मिटले. ओरडणं नाही, सूचना नाही. बायांचं हसू हळूहळू ओसरलं, गाणं सुरू झालं, तरी हा माणूस उतरेना.

दोर वाढवून फळी खाली घेतल्यावर बाया खेळू लागल्या. लोखंडी झोक्याकडे कोणी फिरकलंही नाही. आम्ही पाण्याच्या टाकीपाशी बसलो, तेव्हा शेषराव आपणहून बोलले.

"माय मी रांगत व्हतो तवाच गेली. पुढं चुलत्याची ढोरं राखली. तांड्यावरची पोरं झोका खेळायची, मी लांबून पाहायचो. पाठीवर हात पडला तो मारायलाच." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पुण्याला मास्तरनं जोड्या पाडल्या. एकानं बसायचं, एकानं झोका द्यायचा. म्हने, सोता बसल्याबिगर लेकराचं कसं कळंन? नांदेडकडला एक माळी व्हता, त्यानं माझ्या पाठीवर हात ठिवला. बाबूसाहेब, तवा माझं वय पंचेचाळीस. मी लेकरावानी रडलो. लोकाला वाटलं, डोळ्यात कचरा गेला."

इतकी वर्षं मी या माणसाच्या नकला करून कचेरी हसवली होती. त्या क्षणी मला तो फार आवडला. पण तसं बोलायची आम्हा बाबू लोकांना सवय नसते, म्हणून मी आपलं काहीतरी विचारलं. "पण शेषराव, झोका द्यायचा त्यात शिकायचं काय असतं? ढकललं की झालं."

"ढकलायचं न्हाई," ते म्हणाले. माझ्या मागे येऊन त्यांनी उघडा तळहात माझ्या पाठीवर ठेवला. रापलेला, खरबरीत, गरम हात. तिकडे सिद्धेश्वरच्या म्हातारीची पाळी आली होती आणि तिला झोका द्यायला कोणी नव्हतं. शेषरावांचं लक्ष तिच्याकडे गेलं होतं, पण हात अजून माझ्या पाठीवरच होता.

"आसा ठिवायचा," ते म्हणाले. "बसलेल्याला कळाय पायजे, माघं कोनीतरी हाय."