टाकीमागचा धूर

शाळेत सिगारेट ओढणारं एकही पोर उरलं नव्हतं, आणि त्यामुळे ड्रिलमास्तरांची मोठी पंचाईत झाली होती.

एके काळी पाण्याच्या टाकीमागे हात घातला की पोरं मुठीमुठीने निघत. मास्तर शिट्टी फुंकत, कान धरत आणि ठरलेलं वाक्य टाकत, "उद्या वडिलांना घेऊन यायचं." पुढे हे पीक विरळ होत गेलं. अलीकडे तर टाकीमागे पालींखेरीज कुणी फिरकत नसे. हे सगळं आपल्या शिट्टीचं कर्तृत्व, असं मास्तर छाती फुगवून सांगत. मुख्याध्यापिकाबाईंनी ते मान्य केलं आणि त्याच दमात म्हणाल्या, की मग तुम्ही तरी कशाला उन्हात उभे राहता, शिट्टी आजच दहावीच्या मॉनिटरकडे देऊन टाका.

मॉनिटर म्हणजे मास्तरांचीच लेक.

शिट्टी गेली तिथे मास्तरांत उरलं काय? ती परत मिळवायची तर एक तरी धूर काढणारा सापडायला हवा होता. मधल्या सुट्टीत ते टाकीमागे दबा धरून बसले. मुलं आली, बाटल्या भरून गेली. एका दांडग्या पोरावर त्यांची फार भिस्त होती. त्याच्या तोंडाचा वास घ्यायला गेले, तर तोच नाक मुरडून म्हणाला, "सर, लवंग खाल्लीत तरी येतोच हो वास."

सुट्टी संपली, टाकीपाशी सामसूम झाली. खचलेल्या मास्तरांनी तिथेच एक शिलगावली. दुसऱ्या झुरक्याला कानाशी शिट्टी वाजली.

"बाबा..." लेक म्हणाली. मग सावरून, "सर, विझवा ती."

मास्तरांनी विझवली. गयावया केली. सगळा जन्म नानांपासून, म्हणजे आपल्या वडिलांपासून, ही गोष्ट लपवून ठेवल्याचं सांगितलं.

"उद्या वडिलांना घेऊन यायचं."

"अगं, मी तुझा बाप आहे."

"तुमच्या वडिलांना."

इतक्या ठसक्यात ते वाक्य मास्तरांना स्वतःलाही कधी जमलं नव्हतं. तशाही अवस्थेत त्यांची छाती जराशी फुगलीच.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकत हजर झाले. बाईंनी संकोचत हकिगत सांगितली. नाना ताठ उभे राहिले.

"बाई, माझ्यापायी माझ्या वडिलांना शाळेत यावं लागलं. आज ह्याच्यापायी मला यावं लागलं. हिच्यापायी मात्र कुणाला यावं लागणार नाही." आणि त्यांनी नातीला कडक सलाम ठोकला. बाईंचेही डोळे भरून आले.

फाटकाबाहेर आल्यावर मास्तरांनी खालमानेने विचारलं, "नाना, तुम्हाला धक्का बसला असेल."

"कसला धक्का? तुझ्या पाकिटातल्या रोज कमी होणाऱ्या काय उंदीर ओढायचे?" इकडेतिकडे पाहत नानांनी हात पुढे केला. मास्तरांनी सवयीने खिसा चाचपला.

मागे शिट्टी वाजली.

नानांनी हात मागे घेतला. नातीकडे अभिमानाने बघत ते मास्तरांच्या कानात पुटपुटले, "आता माझ्या वडिलांना कुठून आणायचं रे?"