डी विंगमार्गे जाण्यास मंजुरी मिळणेबाबत

भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर आमचं चार इमारतींचं गृहसंकुल आहे. त्याच्या कार्यालयात, झेरॉक्स मशीनच्या वर, भिंतीला एक फायरवॉल ठोकलेली आहे. फायरवॉल म्हणजे दिसायला एक काळी पेटी. संकुलाच्या अभ्यासिकेतले बारा संगणक आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये ती बसलेली असते. कोणाला आत सोडायचं, कोणाला बाहेर जाऊ द्यायचं आणि जायचंच असेल तर कुठल्या रस्त्याने, हे ती ठरवते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात.

संकुलाला इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत, एक ए विंगमधून आणि दुसरी डी विंगमधून. दुसरी लाइन, पहिली बंद पडली तर हाताशी असावी म्हणून, तीन वर्षांपूर्वी घेण्यात आली. पहिली बंद पडल्यावर दुसरीवर जायचं कसं, हा विषय त्याच सभेत होता, पण चहा आल्यामुळे पुढे ढकलण्यात आला.

मंगळवारी दुपारी मुख्य गेटसमोर गटार खोदणाऱ्या जेसीबीने ए विंगची तार तोडली. गेटसमोर पुरुषभर खोल चर पडला आणि गेटही बंद झालं. गेटबाहेर भाजी विकणाऱ्या राई गावच्या गोदूबाईने संध्याकाळच्या आत आपली टोपली उचलली आणि डी विंगच्या मागे नेऊन मांडली.

अभ्यासिका मी सांभाळतो. शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, पण मुलं समोर नसली की मला जेवण जात नाही. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता अभ्यासिकेत एका निवासी विज्ञानशाळेची प्रवेश परीक्षा होती. पास झालं की सहावीपासून बारावीपर्यंत शिकणं, राहणं, जेवणं तिकडेच. आमची नऊ मुलं बसणार होती. त्यांतली सान्वी ही गोदूबाईची नात. दोन वर्षं ती रोज शाळा सुटल्यावर येऊन माझ्यासमोर गणितं सोडवत होती. परीक्षा वर्षातून एकदाच होते आणि पुढच्या वर्षी सान्वीचं वय तिच्यात बसत नव्हतं. परीक्षा नोंदवलेल्या केंद्राच्या लाइनीवरूनच द्यावी लागते, मोबाइलवरून चालत नाही. मी केंद्राच्या दोन्ही लाइनी नोंदवल्या होत्या. मास्तर माणूस, दोन पेन घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

सी विंगमधला जितेश एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. बोलावल्यावर तो चप्पल घालायचीही विसरून आला.

"सर, हा स्टॅटिक रूट आहे," तो पडद्याकडे बघून म्हणाला. "कोणीतरी हाताने लिहून ठेवलंय की अभ्यासिकेचं सगळं ए विंगमधूनच जाणार. तार तुटली तरी पेटी तिकडेच पाठवतेय. डी विंग चालू आहे, पण पेटीला कोणी सांगितलंच नाही. एक ओळ बदलतो, दोन मिनिटं."

कार्यालयात सेक्रेटरी यतीनभाई बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोन मिनट का काम है, म्हणूनच तर घाई करायची नाही," ते म्हणाले. "मोठ्या कामात चूक झाली तर सगळ्यांना दिसते. छोट्या कामातली कोणाला दिसणार? मार्ग बदलणं हा धोरणात्मक निर्णय आहे. उद्या सभा लावतो."

बुधवारी सभा झाली. गेट बंद असूनही सगळे सभासद वेळेवर हजर होते, याची इतिवृत्तात कौतुकाने नोंद आहे.

अध्यक्ष महिपतराव मूळचे रत्नागिरीकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जितेशला विषय मांडायला सांगितलं. जितेश म्हणाला की एक ओळ बदलली तर काम भागेल, पण पुन्हा असं होऊ नये म्हणून डायनॅमिक रूटिंग लावू. मग सभेला त्याचा अर्थ समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली.

"समजा, आपल्याला उत्तनहून भाईंदरला यायचंय," मी म्हणालो. "ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी दिली, याच रस्त्याने ये. हा झाला स्टॅटिक. रस्ता खचला तरी तो चिठ्ठी धरून खड्ड्यासमोर उभा. डायनॅमिक म्हणजे प्रत्येक नाक्यावरचा माणूस पुढच्या नाक्यावरच्याला सांगत राहतो, इकडून वाट मोकळी आहे, तिकडून बंद आहे. ड्रायव्हर ऐकतो आणि वळतो."

महिपतरावांनी समोरची वही बंद केली.

"म्हणजे सर, शेजारी सांगणार आणि आपण ऐकणार?"

"हो. राउटर राउटरला सांगतो."

"डी विंगचा राउटर?"

"हो."

डी विंगशी पाण्याच्या टाकीवरून वाद चालू आहे, हे इथे सांगायला हवं.

"स्टॅटिक म्हणजे ठराव आणि डायनॅमिक म्हणजे अफवा," महिपतराव म्हणाले. हे वाक्य इतकं सुबक होतं की ते लिहून घेण्यात आलं.

"महिपतकाका, अफवा नाय," जितेश म्हणाला. "पासवर्ड असतो. भलत्या कोणाचं ऐकत नाही."

"पासवर्ड कोण ठरवणार?"

"मी."

"बघा," महिपतराव बाकीच्यांकडे वळून म्हणाले. ते काय बघायला सांगत होते ते कोणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी जितेशकडे बघितलं.

समितीतल्या हंसाबेन म्हणाल्या, "अरे, छोकरा लोकांची एक्झाम आहे रविवारी. पहिले ते करा ने."

"मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, म्हणूनच प्रक्रिया चोख हवी," यतीनभाई म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाक्य ऐकायला बरं होतं.

रात्री आठ वाजता सर्वानुमते तोडगा निघाला. संकुल आधुनिक असल्यामुळे डायनॅमिक रूटिंग तत्त्वतः स्वीकारण्यात आलं. पेटीला आपला मार्ग आपण निवडण्याचं पूर्ण स्वातंत्र्य देण्यात आलं. मात्र मार्ग निवडल्यावर तिने त्यावर जाण्यापूर्वी मंजुरी घ्यावी. त्यासाठी 'डी विंगमार्गे जाण्यास मंजुरी मिळणेबाबत' असा अर्ज तीन प्रतींत करावा, तो काचेच्या फलकात चौदा दिवस लावावा आणि कोणाची हरकत न आल्यास मार्ग बदलल्याचं समजावं. अर्जावर पेटीच्या वतीने सही कोणी करायची, यावर थोडी चर्चा झाली. ज्येष्ठ म्हणून मी केली.

"सर, चौदा दिवस?" जितेश जिन्यात म्हणाला. "परीक्षा चौथ्या दिवशी आहे."

मी हे यतीनभाईंच्या कानावर घातलं. ते रागावले नाहीत. उलट त्यांनी गुरुवारी तातडीच्या प्रसंगांसाठी एक जादा कलम तयार केलं. तातडी असेल तर एकटे अध्यक्ष तत्काळ मंजुरी देऊ शकतील, फक्त ती तोंडी नको, संकुलाच्या पोर्टलवर नोंदवावी. पोर्टल सुरक्षिततेसाठी कार्यालयातल्या संगणकावरच उघडतं. तो संगणक फायरवॉलला जोडलेला आहे आणि त्याचा मार्गही ए विंगमधून आहे.

"म्हणजे लाइन सुरू करायची मंजुरी द्यायला लाइन सुरू पाहिजे," जितेश म्हणाला.

"तेवढं एक तुम्ही बघून घ्या. टेक्निकल आहे," यतीनभाई म्हणाले.

शुक्रवारी पुन्हा दुरुस्ती झाली. पोर्टल बंद असल्यास अध्यक्षांनी प्रत्यक्ष येऊन शाईने सही करावी, असं ठरलं. शनिवारी महिपतराव भाचीच्या लग्नाला उत्तनला गेले. फोनवर ते प्रेमाने बोलले.

"सर, काळजी करू नका. माझा पूर्ण पाठिंबा आहे. रविवारी येतो आणि सही करतो."

"परीक्षा अकराला आहे. साडेअकरापर्यंतच आत शिरता येतं."

"येतो हो. मुलं काय, आपलीच आहेत."

रविवारी दहा वाजता नऊ मुलं आंघोळी करून, केसाला तेल लावून आली. गोदूबाई टोपली सोडून नातीला पोचवायला आली होती. तिने माझ्यासमोर जितेशला विचारलं, "काय रं, चालू हाय का न्हाय तुजं?"

"आजी, चालू होतंय. सही यायचीय."

"कुनाची सही?"

"कुठल्या रस्त्यानं जायचं त्याची."

गोदूबाईने आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "माजा म्हातारा चाळीस वर्सं खाडीत होरी वल्हवायचा. एका वाटंला गाळ आला तं दुसरीनं जायाचा. त्याला कुनी सही न्हाय मागितली." एवढं बोलून ती टोपलीकडे गेली. तिच्या सूचनेत अर्ज क्रमांक नसल्यामुळे ती नोंदवता आली नाही.

अकरा वाजले. बाराही पडद्यांवर एकच गोल फिरत होता. सान्वीने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. सराव परीक्षेआधी ती नेहमी असंच बसायची.

सव्वाअकराला जितेश लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. तो हळू आवाजात बोलत होता.

"सर, ओळ लिहून ठेवलीय. नुसतं एंटर मारायचंय. तुम्ही फक्त हो म्हणा. कोणी विचारलं तर मी माझं नाव सांगेन."

चौतीस वर्षं मी मुलांना रांगेत उभं राहायला शिकवलं. पाणी प्यायला जायचं तरी हात वर करायचा, हे शिकवलं. अर्जावर सही माझी होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "महिपतराव निघालेत. पाच मिनिटं थांबू."

पाच मिनिटांनी मी आणखी पाच मिनिटं थांबू म्हणालो. मग साडेअकरा वाजले आणि थांबायचं कारणच उरलं नाही.

अकरा चाळीसला महिपतराव आले. नव्या सदऱ्यात होते, हातात लग्नाच्या पेढ्यांचा पुडा होता. धापा टाकत त्यांनी आधी तिन्ही प्रतींवर सही केली आणि मगच पाणी मागितलं. जितेशने एंटर मारलं. अकरा बेचाळीसला बाराही पडद्यांवरचे गोल थांबले आणि विज्ञानशाळेचं पान उघडलं. प्रवेशाची वेळ संपली असल्याचं त्यावर मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं. यतीनभाईंनी घड्याळ लावून बघितलं, पान दीड सेकंदात उघडलं होतं. एकही नियम न मोडता मार्ग बदलल्याबद्दल समितीच्या अभिनंदनाचा ठराव तिथेच मांडण्यात आला.

महिपतराव मुलांना पेढे वाटायला लागले. सान्वीने पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"काका, गेट तर बंद आहे. तुम्ही आत कसे आलात?"

"डी विंगच्या मागून. भिंत पडलीय ना थोडी, तिथून."

"भिंत पडली नाही, बुधवारी सकाळी लोकांनी पाडली. मी बघितलंय. तिथून यायची मंजुरी होती?"

महिपतराव मनापासून हसले. "अगं, त्याला कसली मंजुरी? समोरचा रस्ता बंद झाला तर माणूस दुसरीकडून येणारच ना!"

ऐकणारे सगळे हसले. यतीनभाई हसले, हंसाबेन हसल्या. सान्वी हसली नाही. ती महिपतरावांकडे बघतही नव्हती. ती माझ्या पायजम्याकडे बघत होती. त्या भिंतीतून येताना वाकावं लागतं, एक गुडघा टेकावा लागतो. बुधवारपासून मी रोज दोनदा तिथून येत-जात होतो आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर विटांची लाल धूळ होती.

मी ती झटकली. सान्वीने पेढा वहीच्या कागदात गुंडाळला, दप्तर उचललं आणि ती आजीकडे गेली, त्याच भिंतीतून.

अर्जाची एक प्रत अजून काचेच्या फलकात आहे. चौदा दिवस उलटून गेले, कोणाची हरकत आली नाही. वाचायला आलात तर गेट अजून बंदच आहे, डी विंगच्या मागून या. आणि एवढ्यात आमच्या समितीला हसून घेतलं असेल, तर आत येताना तेवढा आपला गुडघा बघा.