दार दिसेपर्यंत जाझ

देशातला सगळ्यात दमदार जाझ अल्बम नांदुऱ्यात निघणार, हे मी ठरवून टाकलं होतं! मुंबईच्या एका कंपनीनं मला कळवलं, 'दीपमालाताई, आपल्या आवाजात मातीचा सुगंध आहे, लोकगीतं पाठवा.' का? आमच्या जिल्ह्यातल्या बाईनं जन्मभर जात्यावरच गायचं? मी फोनवर ऐकून ऐकून जाझ शिकले, कोणाच्या पाया न पडता. जाझला मागे मोठा बँड लागतो. आमच्याकडे तो लग्नाचा आहे. सोळा माणसं, चार ट्रंपेट, दोन सॅक्सोफोन, लाल कोट. अमेरिकेत याहून वेगळं काय असतं?

एका दिवसापुरतं मंगल कार्यालय मिळालं. रेकॉर्डिंगवाला ऋत्विक अकोल्याहून मशीन घेऊन आला. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार. तोवर पाच गाणी झाली नाहीत, तर अल्बम गेला.

सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. एक, दोन, तीन, चार! म्हशींच्या गोठ्यात वाघ शिरल्यासारखा आवाज निघाला.

"काय झालं, गुलाबकाका?"

बँडमास्तर गुलाबराव खुर्चीकडे संशयानं बघत म्हणाले, "माय, तीस वर्षं झाले, बसून कधी वाजोलं नाही. पाय चालले त हात चालते."

"मंग चाला!"

चालले. हॉलभर गोल गोल. ट्रंपेट माइकजवळ आला की कानाचे पडदे फाटायचे, लांब गेला की मलकापूरला पोचल्यासारखा वाटायचा. ऋत्विकनं हेडफोन काढला. "ताई, माइक आणि मशीन बँडवाल्यांच्या वरातीतल्या लाइटच्या गाड्यावर ठेवू, तुम्ही सोबत चाला. पण इथं जागा नाही. रस्त्यावर!"

रस्त्यावर बँड असा वाजला की माझ्या अंगावर काटा आला! पहिलं गाणं संपलं. म्हणजे माझं संपलं. बँड तसाच दुसऱ्यात शिरला.

"काका, गानं संपलं!"

"संपते कसं? नवरीचं दार कुठी आलं अजून?"

"नवरी नाही हो!"

"म्हणून त थांबून नाही राह्यलो!"

उरलेली चारही गाणी एका दमात गायले. पाचवं संपलं, बँडनं पुन्हा पहिलं धरलं. बाजार गेला, स्टेशन रोड गेला, घरं विरळ झाली. माझा घसा चुलीतल्या राखेसारखा. ऋत्विक घड्याळ दाखवत पळतोय. शेवट नसलेलं गाणं घेऊन मी काय करू?

इतक्यात गुलाबकाकांना मांडव दिसला. अख्खा बँड वळला आणि दाराशी येऊन एका ठोक्यात थांबला. काय शेवट! ऋत्विकनं अंगठा वर केला.

मग मी मांडवात पाहिलं. हार घातलेला फोटो. पंगत बसलेली. सगळ्यांचे घास हातातच. तेरवी होती.

मुंडण केलेले यजमान, रंगराव, उठून आले. "कोनं धाडलं तुमाले?"

"कोनीच नाही. हे जाझ आहे."

त्यांनी जवळच्या ट्रंपेटवर हात फिरवला. "आमच्या बुढ्याले बाजाचा लय शौक. त्याच्या लग्नात सासऱ्यानं आनू देल्ला नोता." डोळे पुसले. "बसा जेवाले. मंग अजून एक वाजवा."

अल्बम निघाला. एकच गाणं, बत्तीस मिनिटांचं. शेवटच्या सुरानंतर 'वरन आन बे इकडं' स्वच्छ ऐकू येतं. मुंबईच्या कंपनीचं उत्तर नाही. न येवो! मला आता जिल्हाभरातून बोलावणी आहेत. या महिन्यात डोणगाव आणि लोणार. जाझच पाहिजे, असं दोघांनीही बजावून सांगितलंय.

दोन्ही तेरव्याच आहेत.