झोपेचा कंट्रोलर

"झोप म्हणजे काय मोठा! माझ्या ताब्यात द्या, आठवड्यात वळणावर आणतंय!" सत्यवानाने अख्ख्या घराला ऐकवलं. अख्खं घर म्हणजे बायको सुभद्रा, लेक किशोरी आणि माडाखालचा कुत्रा. पण सत्यवान कणकवली स्टँडवरून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला माणूस. त्याने शिट्टी फुंकली की भल्याभल्या गाड्या हलायच्या, तिथे झोपेची काय कथा!

किशोरी साधीसुधी पोर नव्हे. चालण्याच्या शर्यतीत ती राज्यात पहिली आलेली. धावायचं नाही, चालायचंच. एक पाय सतत जमिनीला आणि पुढचा गुडघा ताठ. टाळेबंदी लागली, पुण्याचं हॉस्टेल रिकामं झालं आणि ती वालावलला घरी आली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घरापुढच्या खळ्यात कंबर हलवत गोल गोल चालायची. सराव चुकत नव्हता, चुकत होती ती झोप! रात्रभर कौलं मोजायची आणि दिवसा गुडघे ढिले पडायचे.

तिच्या प्रशिक्षक सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "शिबिर पुन्हा सुरू होईल तेव्हा मोजक्याच मुलींना बोलावणार. रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर तुझी चाल बघतो. गुडघा वाकला तर माझा नाइलाज आहे. झोप घे, बाळ. खोलीत अंधार हवा आणि शांतता हवी."

शांतता! सत्यवानाला एवढं निमित्त पुरे होतं. टीव्ही बंद, मिक्सर बंद. विहिरीच्या रहाटाला तेल पाजलं. पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद, आणि मे महिन्यात तिघंही घामाने निथळली. बोलणंसुद्धा खुणांनीच! सुभद्रेने चिमूट दाखवून मीठ मागावं आणि नवऱ्याने तपकिरीची डबी आणून द्यावी! किशोरी बापाच्या धाकाने अंधारात डोळे मिटून पडून राहायची आणि सकाळी आणखीच ओढलेल्या तोंडाने उठायची.

राहता राहिला सुभद्रेचा लाडका कोंबडा. पहाट व्हायच्या आधीच बांग देणारा! सत्यवानाने त्याला काखेत मारलं आणि दगडी गडग्यापलीकडच्या शेजारी बाबलीकडे थोडे दिवस सांभाळायला द्यायचं ठरवलं. पण नियम करणाऱ्यानेच नियम कसा मोडावा? त्यातून तोंडाला मास्क! तेव्हा त्याने कोंबडा पुढे केला, घराकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि डोळे मिटले. म्हणजे, आमची पोर झोपूदे, एवढी कृपा कर!

बाबलीला दिसलं ते वेगळंच. माणूस कोंबडा देतो, हात जोडतो, डोळे मिटतो! शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचा कोंबडा द्यायचे ते दिवस. यंदा माणसं जमवायला बंदी, म्हणून एकानेच, म्हणजे बाबलीने, सगळ्यांचं उरकायचं असं वाडीत ठरलेलं. बाबलीने देवापुढे मनोभावे गाऱ्हाणं घातलं, कोंबडा कापून राखणदाराला दिला आणि रितीप्रमाणे देणाऱ्याच्या घरचा वाटा, वडे आणि सागोतीचा रस्सा, झाकून गडग्यावर आणून ठेवला. सत्यवानाने दोनदा वाढून घेतलं. शेजार असावा तर असा, हेही त्याने खुणेनेच सांगितलं. सुभद्रेनेसुद्धा मान डोलावत हाडं चोखली!

रविवारी दुपार कलल्यावर सुभद्रा मूठभर कण्या घेऊन गडग्यापाशी गेली आणि खुणा विसरून बोलली.

"बाबली, माझो कोंबडो खंय रे?"

"म्हणजे?" बाबली गोंधळला. "वैनी, परवा जेवलात तो कोण होतो?"

कण्या सुभद्रेच्या हातातून गळाल्या. "मेल्या, सांभाळूक दिल्लो तो रांदलंस?"

"माका काय ठावक! दादांनीच हात जोडले मां!"

"आणि तुमी!" सुभद्रा खळ्यात बसलेल्या नवऱ्यावर उलटली. "तोंड बंद करून कोंबडो देवक जमला, खावक बरा तोंड उघडला!"

"सागोतीत कोंबडो कोणाचो ता कसा कळतला?" सत्यवान ओरडला, आणि आठवडाभर कोंडलेला स्टँडवरचा आवाज एकदम मोकळा झाला! बाबली राखणदाराची शपथ घेऊ लागला, सुभद्रा कोंबड्याचे गुण सांगून रडू लागली, कुत्राही त्यात सामील झाला. वाडीत असं जोरकस भांडण टाळेबंदीपासून झालंच नव्हतं!

तेवढ्यात सत्यवानाच्या खिशातला फोन वाजला. सर!

"गप! सगळी गप!" सत्यवान दटावून म्हणाला. सुभद्रेने पदर तोंडाला लावला, बाबलीने कुत्र्याचं तोंड धरलं. सगळीकडे चिडीचूप झालं.

"किशोरी तयार आहे ना? नावं आज रात्रीच कळवायची आहेत," सर म्हणाले.

सत्यवान वळला. पडवीच्या कोपऱ्यात किशोरी बूट घालून सरांच्या फोनची वाट बघत बसली होती, ती तशीच जमिनीवर आडवी झालेली. तोंड उघडं, गाढ झोपलेली! पोर घरी आल्यापासून अशी झोपलेली त्याने पाहिलीच नव्हती. पण तो बघत असतानाच तिची पापणी हलली. ती दचकून अर्धवट उठली.

"बाबा, गप कित्याक झालात?"

"झोप गो. सरांचो फोन आसा, तेव्हा..."

"तुमी भांडत होतात ता बरा वाटत होता," ती झोपेतच पुटपुटली. "हॉस्टेलार अशीच कलकल आसता. गप झाला की माझा मन बोलूक लागता. शिबिरात माका घेतला नाय तर काय, शर्यतीच झाल्यो नाय तर काय... रातभर ताच."

आठवडाभर घर गप्प करून आपण पोरीला तिच्या भीतीबरोबर एकटीला कोंडून ठेवलं, हे आता कुठे सत्यवानाच्या डोक्यात शिरलं. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"हॅलो? हॅलो! किशोरीला देताय ना?" सर विचारत होते.

उभ्या नोकरीत सत्यवानाने साहेबाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने बाबलीला तोंड चालू करायची खूण केली, कुत्र्याचं तोंड सोडायला लावलं आणि फोनमध्ये शुद्ध मराठीत अदबीने म्हणाला,

"सर, तासाभराने फोन करा. आत्ता आम्हाला भांडायचं आहे!"