सहाचे सात

"चांगला पगार कशाला म्हणतात, ते आता ह्या मुलखाला कळंल!"

देवलानं मिशीला पीळ भरत हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला मुलूख काही तिथं हजर नव्हता. गोठ्यात फक्त चांद्या होता. चांद्या म्हणजे देवलाचा बैल. अंगानं पांढराशुभ्र, कपाळावर काळी चंद्रकोर, आणि चाल अशी की रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला व्हायची! त्यानं शेपटी हलवून माशी उडवली. देवलाला तेवढा होकार पुरेसा होता. तो तडक बाहेर पडला आणि मुलखाला कळवायच्या कामाला लागला.

गोरेगावजवळच्या त्या तांड्यात देवलाइतका अभिमानी माणूस दुसरा नव्हता. त्याच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश पालथा घातला होता. आता ते दिवस सरले होते, वाट्याला कोरडवाहू रान आलं होतं. पण बैल पारखायची नजर आणि बढाई मारायची हौस ह्या दोन इस्टेटी देवलानं जशाच्या तशा राखल्या होत्या. आणि आता तर बढाईला विषयच असा मिळाला होता! त्याचा एकुलता एक पोरगा नेमसिंग नोकरीला लागला होता. वाशीमला मामाकडं राहून तो चार बुकं शिकला आणि तिथल्याच एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर, मुनीम म्हणून चिकटला. पगार महिना अठरा रुपये. तेही कलदार!

इथं जरा थांबून सांगायला हवं. ते मोठ्या लढाईचे दिवस. आपला हा मुलूख तेव्हा निजामाचा, म्हणजे मोगलाई. आणि कनेरगावचा नाका ओलांडला की इंग्रजांचं वऱ्हाड. इकडं चालायचा निजामाचा हाली रुपया, तिकडं इंग्रजांचा कलदार. कलदाराचा भाव जास्त. सहा कलदार टाकले की सात हाली मिळायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही 'सहाचे सात' एवढा हिशेब झोपेत यायचा.

"अठरा कलदार म्हंजे आपले किती झाले वं?" रूपाबाईनं, म्हणजे देवलाच्या बायकोनं, विचारलं.

"सहाचे सात! अठराचे एकवीस!" देवला म्हणाला आणि तो आकडा त्याच्या तोंडात गुळासारखा विरघळला. "एकवीस! मंग अठरा अठरा काहून करून राहिली? आपण मोगलाईत राहतो. एकवीस म्हणायचं!"

ह्यात खोटं काही नव्हतं. घोटाळा इथूनच सुरू झाला, पण खोटं काही नव्हतं.

आठ दिवसांत गोरेगावच्या बाजाराला एकवीस पाठ झालं. ज्या दुकानदारानं देवलाला कधी बस म्हटलं नव्हतं, तो "या देवलाशेठ" म्हणू लागला. तिघं जण आपापली पोरं घेऊन दारात उभे राहिले. "ह्यालाबी काट्यावर बसवा!" त्यातलं एक पोरगं इतकं लहान होतं की त्याला काट्यावर बसवून फार तर तोलता आलं असतं.

आणि पगार झाला म्हणजे सोयरीक आलीच! ह्या बाबतीत नेमसिंगनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. "याडी, करीन तर वसरामच्या जमनीशीच." वसरामचा तांडा नाक्यापलीकडं, वऱ्हाडात. जमनीला त्यानं वाशीमच्या बाजारात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून काट्यावर कापूस तोलताना त्याचं स्वतःचंच वजन घटत चाललं होतं.

मध्यस्थीला पेमा तयारच होता. पेमा गाडीवान. माल घेऊन नाक्याच्या अल्याड-पल्याड जायचा आणि मालाबरोबर बातम्याही पोचवायचा. मालावर जकात होती, बातम्यांवर नव्हती, त्यामुळं बातम्या जरा जास्तच वाहायचा. तो वसरामच्या तांड्यात गेला आणि ऐटीत सांगून आला, "पोराला एकवीस रुपये पगार हाय!"

कोणते रुपये, ते सांगायचं राहिलं.

वऱ्हाडात रुपया म्हणजे कलदारच! तिथल्या म्हाताऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "एकवीस कलदार? म्हंजे मोगलाईत साडेचोवीस की!" पेमा तो आकडा घेऊन परत आला.

"देवलादादा, तिकडं सारे म्हणून राहिले, पोराला साडेचोवीस हाय!"

"साडेचोवीस?" देवला उठून उभा राहिला. "वाढवला वाटतं! म्या म्हणलंच व्हतं, पोरगं हुशार हाय!" मग त्याच्या लक्षात आलं. "थांब! वऱ्हाडातली माणसं बोलली म्हंजे कलदारच बोलली आसतील. लाव सहाचे सात!"

झाले साडेअठ्ठावीस. पेमानं पुढच्या खेपेला ते नाक्यापलीकडं नेले. तिकडच्यांनी पुन्हा सहाचे सात लावले. पेमा परत आला तो तेहतीस घेऊन!

देवला पुन्हा बोटांवर मोजायला लागला, तेव्हा मात्र रूपाबाईनं त्याचा हातच धरला.

"पुरं करा! पोरगं तिकडं एका जागी बसून हाय, आन पगार गाडीत बसून नाक्यावरून ये-जा करून राहिला! आसं कधी आसतंय का?"

"तुला हिशेबातलं काय कळतं?"

"मला एवढं कळतं, की मागल्या महिन्यात लेकरानं मला लुगडं आणलं ते बिनकाठाचं! तेहतीसवाला काठाचं आणीत न्हाई व्हय?"

देवला तेहतीसवर थांबला. पण मनावर दगड ठेवून थांबला, हे सांगायला पाहिजे.

सगाईचा दिवस ठरला. वसराम आपल्या तांड्यातली दहा-पंधरा माणसं घेऊन आला. नेमसिंग सुट्टी काढून, धुतलेलं धोतर नेसून हजर झाला आणि येताच त्याच्या कानावर आपला पगार पडला.

"बापू, तेहतीस?" तो घाबरून म्हणाला. "आमच्या हेड मुनीमालाबी तेहतीस न्हाईत!"

"गप बस!"

"आवं, पगार माझा हाय!"

"पगार तुझा. पण सांगायचा कुणी? म्या!"

आता तांड्यातली रीत अशी, की त्या काळी मुलीचा बाप हुंडा देत नसे. उलट मुलाचा बाप मुलीच्या बापाला बैल आणि वर थोडे रुपये देई, तेव्हा सोयरीक पक्की व्हायची. देवलानं गोठ्याच्या टोकाला दोन साधे बैल ह्यासाठीच बांधून ठेवले होते. पगाराच्या नादात ही रीत आपल्याच अंगावर येईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आकडा चढतो तेव्हा माणूस आकड्याकडंच बघतो, पायरीकडं बघत नाही.

वसराम बुटका, शांत माणूस. मिशीतल्या मिशीत हसायची त्याला सवय होती. पंचांसमोर तो सावकाश बोलला.

"पोरगं बराबर हाय. सोयरीक पसंत हाय. आमी दोन साधे बैल मनात धरून निघालो व्हतो. पण जावई तेहतीस रुपयेवाला! आता दोन साध्या बैलांवर पोरगी दिली तर लोक इचारतील, पोरीत काय खोट हाय? तवा दोन नगंत. आमाला एकच बैल द्या."

"एकच?" देवलाचा चेहरा उजळला.

"चांद्या."

गोठ्यातून नेमका तेव्हाच चांद्या हंबरला!

चांद्याला त्यानं वासरू असताना फडक्यानं दूध पाजलं होतं. त्याच्या आजारपणात तो स्वतः गोठ्यात झोपला होता. एक शब्द बोलला असता तर चांद्या वाचला असता. अठरा! अवघा एक शब्द! पण समोर बाजारातला तो दुकानदार बसला होता, पोरं चिकटवायला आलेले ते तिघं बसले होते, आणि पेमा तर असा ताठ बसला होता की जणू पगार त्यालाच मिळत होता.

"बापू, सांगून टाका," नेमसिंग कानात पुटपुटला. तो रडकुंडीला आला होता. बैल दिला नाही तर जमनी गेली, आणि दिला तर बाप झुरून मरेल!

"तकलीफ आसंल तर सांगा व्याही," वसराम मऊ आवाजात म्हणाला. "पगारात काही कमी-जास्ती आसंल तर आत्ताच बोला. कुणी काही म्हणणार न्हाई."

'कमी' हा शब्द ऐकला आणि देवलाची मिशी आपोआप वर गेली.

"कमी? कमी कशाचं? बोललो ते बोललो! न्या चांद्या!"

गूळ वाटला. बायांनी गाणी धरली. देवला गोठ्यात गेला, आपल्या वाट्याचा गूळ चांद्याला चारला आणि त्याच्या मानेवर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. आपण शुद्ध गाढव आहोत, असं त्याला वाटलं. पण हे त्यानं फक्त चांद्यालाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वसरामच्या गाडीबरोबर बैल पोचवायला देवला स्वतः निघाला. नेमसिंगला वाशीमला परतायचंच होतं. रूपाबाईही निघाली. "चांद्याला निरोप द्यायला," असं ती म्हणाली. खरं तर ती नवऱ्याच्या तोंडाला वेसण घालायला निघाली होती.

कनेरगावच्या नाक्यावर नाकेदारानं गाडी थांबवली. जनावर नाक्यापार न्यायचं तर त्याच्या किमतीवर जकात. त्यामुळं तिथं येणारी प्रत्येक गाय भाकड असायची, प्रत्येक घोडा लंगडा आणि प्रत्येक बैल मरायला टेकलेला. नाकेदारालाही त्याची सवय होती.

"किसका बैल? कीमत बोलो."

"बुढ्ढा हाय सायब," वसराम म्हणाला. "दात पडून राहिले. चाळीस लिवा."

"बुढ्ढा?" देवला ओरडला. रूपाबाईनं त्याचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. "कोण बुढ्ढा? चांद्या बुढ्ढा? सायब, हे बघा दात! हे बघा खांदा! जवळा बाजार गावी शंभराला मागितला व्हता, दिला न्हाई म्या! चाळीस? चाळिसात ह्याची शेपटीबी येणार न्हाई!"

"सौ?" नाकेदार खूश झाला. आपण होऊन किंमत वाढवणारा माणूस त्यानं नोकरीत पहिल्यांदाच पाहिला होता.

"शंभर! छाती ठोकून लिवा!"

"किंमत सांगंल त्यानं जकात भरावी, हा दस्तूर हाय," वसराम आभाळाकडं बघत म्हणाला.

नेमसिंगनं खिशात हात घातला. महिन्याच्या पगारातले उरलेसुरले रुपये नाकेदाराच्या मेजावर गेले. देवलाची छाती फुगली.

"बघितलं व्याही? पोरगं कसं खिशात हात घालून मोकळं झालं! तेहतीसवाला म्हणतात ह्याला!"

नाका ओलांडून मंडळी एका निंबाखाली टेकली. वसरामनं पाण्याचा घोट घेतला, चांद्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला,

"व्याही, म्या माझा कापूस त्याच जिनात घालतो. पोराला म्या पयल्याच दिवशी, काट्यावरच्या गर्दीत वळख न देता, पगार इचारला; त्याला आठवतबी नसंल. त्यानं सरळ सांगितलं, अठरा."

देवलाचा मिशीवरचा हात खाली आला.

"म्या म्हणलं, ह्या वयात अठरा कलदार म्हंजे लई चांगला पगार. आन काट्यावर बसून खरं बोलणारं पोरगं म्हंजे त्याहूनबी चांगलं. जमनी तर म्या तवाच मनात देऊन टाकली व्हती."

"मंग... मंग चांद्या काहून मागितला?"

"म्हणलं, चांद्या मागितल्यावर तरी तुमी अठरावर याल. तर तुमी बैल सोडला, पण आकडा न्हाई सोडला!" वसराम आता मिशीबाहेर हसला. "घ्या कासरा. न्या तुमचा बैल माघारी. मला ते दोन साधे पाठवून द्या."

देवला उठला आणि आधी वसरामच्या, मग चांद्याच्या गळ्यात पडला. नेमसिंगच्या जिवात जीव आला. रूपाबाईनं पदरानं डोळे पुसले. सगळं गोड झालं होतं!

"फकस्त एक," वसराम म्हणाला. "माघारी जाताना पुन्हा जकात लागंल. आता तरी म्हणा, बुढ्ढा हाय, चाळीसचा."

"म्हणतेत की!" रूपाबाई म्हणाली. "न म्हणून सांगतात कोणाला!"

"माझ्याकडं चाळिसाच्या जकातीपुरतेच उरलेत बापू," नेमसिंगनं खिसा उलटा करून दाखवला. "त्याच्या वर गेलं तर बैल इकडंच राहील."

"एवढं काय मला कळत न्हाई?" देवला म्हणाला आणि कासरा धरून नाक्याकडं चालू लागला.

"फिर आये?" नाकेदारानं टाक उचलला. "अब कीमत बोलो."

देवलानं डोळे मिटले. "चा..." तो म्हणाला. मागं रूपाबाईनं हात जोडले. "चा... चा..." चाळीस काही पुरं होईना. त्यानं डोळे उघडले. समोर चांद्या मान वर करून उभा होता, कपाळावर चंद्रकोर, अन् उन्हात असा झळाळत होता की नाक्यावरची सगळी माणसं त्याच्याकडंच बघत होती.

"सायब," देवला म्हणाला आणि त्याची मिशी हळूहळू वर चढली, "तवा शंभर व्हती. आता तो नाका वलांडून आलाय. सहाचे सात! लिवा, एकशे सतरा!"

चांद्या वऱ्हाडातच राहिला.

जमनी सून होऊन आली आणि पुढं कुणीही पगार विचारला तर देवला आता सरळ, नम्रपणे, अगदी खरं सांगायचा. "पोरगं? पोरगं कमावतं आपलं अठरा." मग जरा थांबून, मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "पण बैल मातर एकशे सतराचा दिलाय!"