चप्पल नव्हे, मोजे

“ताई, ही कांडी उन्हाला टिकत न्हाय बगा. पुण्याला ठीक हाय. हे सोलापूर हाय,” स्टेशनरीवाला ईरप्पा म्हणाला होता. ऋतुजाच्या कडेवर अकरा महिन्यांची लेक, खांद्यावर भाजीची पिशवी आणि डोक्यात एकच विचार, की घरी सासूबाई एकट्या आहेत. “मोजे घरातच घालायचेत हो काका,” म्हणत तिने ग्लू गनच्या गोंदाच्या दहा कांड्या पिशवीत टाकल्या आणि विषय संपवला.

विषय मुळात सुरू झाला होता सोनाबाईंच्या पायांवरून. मार्चमध्ये सासूबाई स्वयंपाकघरात घसरल्या. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी बजावलं, “आता पुन्हा पडायचं नाही.” जसं काही माणूस ठरवून पडतो. तेव्हापासून ऋतुजा दिवसभर दोन जोड्या पायांवर नजर ठेवून होती. एक जोडी नुकती चालायला शिकत होती, दुसरी सत्तरीनंतर तोल विसरू लागली होती. तिचे स्वतःचे दोन पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. नवरा आदिनाथ पुण्याला नोकरीला. तो रोज फोनवर “काळजी घ्या” म्हणायचा. तेवढं काम त्याने कधी चुकवलं नाही.

सोनाबाईंना घरात चप्पल मंजूर नव्हती. “सैपाकघरात चप्पल? देवाम्होरं चप्पल? मी मेल्यावर घाला.” म्हणून ऋतुजाने मोबाइलवर बघून प्लास्टिकचा गोल माग मागवला. माग कसला, कडेने खुंट्या असलेलं कडं. खुंट्यांना सूत गुंडाळायचं आणि आकड्याने एकेक टाका उचलून पलीकडे टाकायचा, की खाली पिशवीसारखं विणकाम उतरत जातं. सोनाबाईंच्या नवऱ्याने तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला होता. त्यांनी ते कडं उलटसुलट करून बघितलं.

“ह्यो माग?”

“हो, आत्या.” ऋतुजा सासूला आत्या म्हणायची.

“धोटा न्हाय, खडखड न्हाय. म्हशीची बांगडी हाय की ही.”

अठरा दिवस लागले. लेक झोपली की दोन ओळी व्हायच्या, लेक उठली की त्यातली एक उसवायची, कारण उठल्याउठल्या ती धागाच ओढायची. शेवटी दोन जोड्या तयार झाल्या. एक सोनाबाईंना, दुसरी बार्शीला ऋतुजाच्या वडिलांना. जोतीरामअण्णा तिकडे एकटेच असत आणि फोनवर काहीही विचारलं तरी “बरं चाललंय” एवढंच सांगत. सायटिकाने आठ दिवस अंथरुणात होते, तेव्हाही बरंच चाललं होतं.

घसरू नये म्हणून तिने प्रत्येक तळव्यावर ग्लू गनने गोंदाचे ठिपके दिले, रांगोळीला देतात तसे ओळीने. मग जोडी सासूबाईंपुढे ठेवली.

“चप्पल न्हवं ना ही?”

“नाही आत्या, मोजे आहेत. नुसतं सूत.”

“मंग सैपाकघरात चालतंय?”

“चालतंय.”

“देवाम्होरं?”

“तिथंही.”

महिन्याभरात पहिल्यांदाच आपण काहीतरी जिंकलो, असं ऋतुजाला वाटलं. जे देवापुढे चालतं ते कुरडयांपाशीही चालणार, हे तिच्या लक्षात आलं नाही. सोनाबाई दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालत आणि वाळवणात चप्पल घालून फिरणाऱ्याला जिन्यातच अडवत. स्वतः अनवाणी पाय भाजून घेत. यंदा त्यांना मोजे मिळाले होते.

मे महिना, भर दुपारचे बारा. “कुरडया उलटून येते,” म्हणून सोनाबाई वर गेल्या. गच्ची गळते म्हणून मागल्या वर्षी सगळ्या गच्चीला काळी डांबरी शीट मारली होती. सोनाबाई पाटावर बसल्या, पाय शीटवर टेकले आणि पाव तास एका जागी बसून कुरडया उलटत राहिल्या. मग उठून उभ्या राहिल्या.

खाली ऋतुजा लेकीला वरणभात भरवत होती. गच्चीवरून सोनाबाईंचा फोन आला.

“ऋतुजा, पाय उचलंना गं.”

“कुठला पाय?”

“दोनी.”

चमचा ताटात पडला. असल्या गोष्टी ऋतुजाने मोबाइलवर इतक्या वाचल्या होत्या, की लकव्याच्या खुणा तिला पाढ्यासारख्या पाठ होत्या.

“आत्या, घाबरू नका! आधी हसा बघू!”

“हितं टाळकं तापलंय, हसू कशाला?”

“दोन्ही हात वर करा!”

“हातात कुरडया हायत.”

“आज वार कुठला?”

“तुला ठाव न्हाय व्हय? मंगळवार. तुझं डोस्कं ठीक हाय ना गं?”

बोलणं स्पष्ट होतं, पण पाय दोन्ही गेले होते. तिने एकशे आठला फोन लावला, मग आदिनाथला. “आत्यांचे पाय गेले!” ती ओरडली. मधलं नेटवर्कने खाल्लं. “आत्या… गेले” एवढंच पुण्याला पोचलं आणि आदिनाथ हिंजवडीच्या कँटीनमध्ये खाली बसला.

लेकीला कडेवर घेऊन ऋतुजा जिना चढली. वरच्या मजल्यावरचा संगमेश जेवता जेवता उठला आणि पेशंटला उचलायला म्हणून प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागे धावला. गच्चीच्या दारात दोघं पोचतात न पोचतात तोच आवाज आला, “चपला तितंच!”

“आत्या, तुम्हाला लकवा झालाय!”

“झाला आसंल. कुरडया वर्साच्या हायत.”

दोघांनी चपला काढल्या आणि तापलेल्या शीटवर उड्या मारत निघाले. लेकीला वाटलं आई नाचतेय, तिने टाळ्या वाजवल्या. सोनाबाई कुरडयांच्या मधोमध, पदर डोक्यावर घेऊन, पोस्टातल्या रांगेत उभं राहावं तशा उभ्या होत्या. संगमेश वाकला. बोटाने तळवा चाचपला.

“वहिनी, लकवा नाही. चिकटल्यात.”

“काय?”

“गोंद वितळलाय, डांबर वितळलंय. दोघांचं जमलंय.”

ऋतुजाला रडावं की हसावं कळेना. दोन्ही करण्याइतकं त्राण नव्हतं. “आत्या, मग पाय बाहेर काढून घ्यायचे ना!”

सोनाबाईंनी खाली मोज्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “ओढून बगितलं. टाका उसवाय लागला. तू अठरा दिस बसून इनलंस. फाटलं आसतं तर तुला वाईट वाटलं आसतं की.”

तेवढ्यात खाली ॲम्ब्युलन्स बघून ईरप्पा वर आला. कुणाला तरी ऊन लागलं असणार म्हणून हातात रसवंतीवरून आणलेल्या बर्फाची पिशवी. आपण सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. ऋतुजाकडे बघून एवढंच विचारलं, “कांडी?”

“कांडी,” ती म्हणाली.

बर्फाने गोंद कडक झाला आणि मोजे सुटले, पण येताना डांबराचे दोन भलेमोठे तुकडे घेऊन आले. खालची स्लॅब दिसायला लागली. “म्हणजे पावसाळ्यात माझ्याच स्वयंपाकघरात,” संगमेश म्हणाला. ईरप्पाने मोजे उलटे करून बघितले. “अक्कलकोटला घालून जावा, ताई. मठाभायेर काढून ठिवा. कुणाच्या बापाला उचलाय जमणार न्हाय.”

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी सोनाबाईंचं ब्लड प्रेशर बघितलं. ठीक होतं. ऋतुजाचं बघितलं आणि तिला अर्धा तास झोपून राहायला सांगितलं. बसमध्ये रडत बसलेल्या आदिनाथचा फोन सोनाबाईंनीच उचलला. “आरं मी मेले न्हाय, चिकटले!”

सावलीत ताकाचा पेला हातात आल्यावर सोनाबाई थांबल्या. “ऋतुजा, तुज्या अण्णांना बी दिलीस न्हवं एक जोडी?”

अण्णा रोज दुपारी तशाच डांबरी गच्चीवर चिमण्यांचं पाणी भरायला जातात. फोन खाली चार्जिंगला असतो. ऋतुजाने आठ वेळा लावला. नुसती रिंग जाते.

तर बार्शीत तुमच्यापैकी कुणी असेल तर ऋतुजाची एक विनंती आहे. बाजार समितीमागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे, जरा गच्चीवर डोकावून या. कुणी म्हातारा पाण्याचं भांडं धरून एका जागी शांत उभा दिसला, तर त्याला काही विचारू नका, तो “बरं चाललंय” म्हणेल. सरळ बर्फ घेऊनच जा. आणि पोरीने निरोप धाडलाय म्हणावं, की मोजे फाटले तरी चालतील.