सुतकी चेहऱ्याची नोकरी

“काल तू गाडीत हसलास,” मालक म्हणाले.

ड्रायव्हरने मान खाली घातली. गाडी साधी असती तर गोष्ट वेगळी. पण ही शववाहिका होती, आणि काल मागे एका कापडवाल्याचे वडील निजलेले होते, कायमचे.

“हसलो नाही मालक, गुणगुणत होतो.”

“म्हणजे त्याहून वाईट! अरे, गाडी काय कुणीही चालवेल. तुला ठेवला तो तुझ्या त्या सुतकी चेहऱ्यासाठी. लोक म्हणायचे, घरच्यांपेक्षा ड्रायव्हरलाच जास्त वाईट वाटतंय. आणि आता हे गाल बघ स्वतःचे! परवा गायनमास्तरांना न्यायचंय. मुलगी दूरदेशीहून यायचीय म्हणून थांबलेत. तिथं ओठ जरा जरी हलला, तर मी दुसरा माणूस बघतो.”

आता खरी गोष्ट अशी, की तो चेहरा म्हणजे काही कला नव्हती. बिचाऱ्याचं मनच मिटलं होतं. रात्री झोप येईना, सकाळी उठवेना, आणि दिवस निघायचा चहा-बिस्किटांवर. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“जेवण कसं आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“चहा,” उत्तर बायकोने दिलं.

“आणि?”

“बिस्किटं. चहात बुडवून.”

“गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. पण ताटाकडेही बघा. मन काही पोटाच्या शेजारी भाड्याने राहत नाही, एकाच घरातली माणसं ती. एक उपाशी राहिलं, की दुसरं रुसतं.”

बायकोने कंबर कसली. पालेभाजी, डाळी, फळं, मासे, मूठभर अक्रोड, आणि सगळं वेळच्या वेळी. देवाची करणी म्हणा, गोळ्यांचा गुण म्हणा की तिच्या हाताचा, काही महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना तो गुणगुणला. बायको हातात पळी घेऊन दारात उभी राहिली आणि डोळे पुसत म्हणाली, “अहो, परत एकदा म्हणा ना!”

अशा बाईला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या पालेभाजीने माझी नोकरी जायची वेळ आलीय?

त्याने नाही सांगितलं. गाडी पुसता पुसता त्याने आपल्या परीने हिशेब मांडला. चांगलं खाऊन मन हसरं झालं, तर वाईट खाल्लं की उदास होणारच! झालं. त्या दिवसापासून बायकोने दिलेला डबा ऑफिसच्या पहारेकऱ्याला, आणि स्वतःला कडक चहा, बिस्किटं, वर तळलेलं काहीबाही. पहारेकरी दोन दिवसांत शीळ घालायला लागला.

आणि ड्रायव्हर? मन काही उदास होईना. इतक्या दिवसांची बायकोची मेहनत दोन दिवसांत थोडीच वाया जाणार! उदास झालं ते पोट. मास्तरांच्या घरी गाडी उभी राहिली तेव्हा त्याच्या छातीत जाळ उठला होता, कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी.

“वा!” मालक कानाशी कुजबुजले. “याला म्हणतात चेहरा! असाच ठेव.”

ठेवायचं काय, तो हलतच नव्हता. पण मास्तरांच्या बायकोने, आजींनी, तो बघितला. इतक्या माणसांत या परक्या माणसाला एवढं रडू यावं? त्या भरल्या घरातून उठून सरळ त्याच्यापाशी आल्या.

“बाळा, तू यांचा शिष्य का रे?”

त्याने नकारार्थी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

“बस इथं. अगं, याला पाणी आण! काय रे, सकाळपासून काही खाल्लंस का?”

खाल्लं या शब्दासरशी पोटात काहीतरी गडगडलं. त्याने ओठ दाबले, श्वास कोंडला, मनात देवाचा धावा केला. पण देवही बहुधा मास्तरांना न्यायच्या गडबडीत असावा. ढेकर निघाली ती अशी, की रडणारे थांबले आणि बाहेरचे आत आले.

मालकांनी डोळे मिटून घेतले.

“आई,” परदेशाहून आलेली मुलगी पुटपुटली, “बाबा शिकवणी सुरू करायच्या आधी अगदी अशीच...”

“याहून मोठी,” आजी म्हणाल्या आणि फसकन हसल्या. मग मुलगी हसली, शिष्य हसले, आणि रडणं-हसणं एकमेकांत असं मिसळलं की कोण काय करतंय तेच कळेना.

“आजी, माफ करा,” ड्रायव्हर कळवळून म्हणाला. “मी आता बरा झालोय, म्हणून नोकरी जायला आलीय. उदास दिसावं म्हणून दोन दिवस बिस्किटंच खाल्ली. नाहीतर गाडीत गुणगुणतो मी.”

“मग आज नाही गुणगुणणार? अरे, गाण्याच्या माणसाला मुकाट्याने नेतोस?”

मालकांकडे न बघता तो गाडीत चढला आणि स्मशान येईपर्यंत गुणगुणला. दोनदा सूर चुकला तेव्हा मागे बसलेल्या शिष्यांनी सुधारून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो चावी परत द्यायला ऑफिसात गेला. मालक खुर्चीत डोकं धरून बसले होते.

“ठेव ती खिशात! मास्तरीणबाईंनी स्वतःचं नाव नोंदवलंय. ‘माझ्या वेळी हाच ड्रायव्हर, आणि गुणगुणत,’ म्हणाल्या. मी मान डोलावून बसलो. शब्द दिला गेला माझ्याकडून!”

“कधी न्यायचंय?”

“अरे शहाण्या, त्या ठणठणीत आहेत! मी विचारलं तर म्हणाल्या, काही घाई नाही. आता त्या आहेत तोवर तुला काढता येत नाही, कळलं?”

ड्रायव्हरने चावी खिशात टाकली. मग एकदम काळजीने त्याने विचारलं, “मालक, पण आजी वेळेवर जेवतात ना हो?”

“मला काय माहीत!”

“घरात माणूस गेलं की जेवण सुटतं. मला ठाऊक आहे ते,” तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता डबा उचलून तसाच मास्तरांच्या घराकडे निघाला.